कुणाचं रक्त असेल कोण जाणे!

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याची चालसुद्धा पाठ झाली आहे. आवाज थोडा खाली येतो, मान जराशी तिरकी होते, आणि आपण केवळ काळजीपोटी बोलतोय असा चेहरा करून म्हटलं जातं, "तसं चांगलंच आहे हो, पण कुणाचं रक्त असेल कोण जाणे!" सध्या ते आमच्याच घरात म्हटलं जातंय. माझी भाची आणि तिचा नवरा दत्तक मूल घेताहेत. तीन वर्षांहून जास्त काळ रांगेत काढल्यावर आता त्यांचा नंबर लागला. मुलगी आहे, चौदा महिन्यांची. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडले आणि मग फोन सुरू झाले. फोनवर बोललेलं ग्रुपवर येत नसतं. पण मी सत्तरी ओलांडलेली, रिकामटेकडी मावशी असल्यामुळे सगळे मला फोन करतात.

म्हणून हे लिहितेय. नातेवाईक हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. (वाचून काही बोलत नाहीत, तेही माहीत आहे!) काही जण रागावतील. रागवोत बापडे.

आधी एक स्पष्ट करते. मूल कोरी पाटी घेऊन जन्माला येतं असलं काही मी म्हणणार नाही. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, एकेका वर्गात साठ-साठ मुलं. एकाच आईची दोन पोरं, एकाच ताटात जेवलेली, पण एक वर्गात शिरताच दंगा करणार आणि दुसरा नाव पुकारलं तरी लाजणार. भिडस्तपणा, तापटपणा, एका जागी बसण्याची ताकद यांतलं पुष्कळसं मूल घेऊनच येतं. शास्त्रज्ञही तेच सांगतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलं की बुद्धिमापन चाचणीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो.

झालं! "बघा, आम्ही काय म्हणत होतो!"

थांबा. हा आकडा लोक ज्या अर्थानं वापरतात तो त्याचा अर्थच नाही. तुमच्या डोक्यातली सत्तर टक्के अक्कल बापाकडून आली असं तो सांगत नाही. रिचर्ड लेवोंटिन या जीवशास्त्रज्ञांनी यासाठी बियाण्याचं एक सुंदर उदाहरण दिलं होतं. मी आपली त्याची ज्वारी करते. एकाच पोत्यातल्या मिसळीच्या बियाण्यातून दोन मुठी घ्या. एक मूठ काळ्या कसदार रानात पेरा, पाणी द्या. दुसरी माळावर पेरा आणि देवाच्या हवाली करा. काळ्या रानातल्या सगळ्या ताटांना सारखीच माती आणि सारखंच पाणी, म्हणजे तिथलं एक ताट उंच आणि एक बुटकं असेल तर तो फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. पण काळ्या रानातली ज्वारी छातीला लागते आणि माळावरची गुडघ्याला, हा फरक? तो सगळा रानाचा. बियाणं तर एकाच पोत्यातलं होतं!

उंची ही बुद्धीपेक्षाही जास्त आनुवंशिक. तरी दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या बायका सरासरी वीस सेंटिमीटरनं उंच झाल्या. शंभर वर्षांत त्यांचं रक्त बदललं नाही, ताट बदललं.

आता आपल्या भाषेकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठीत म्हण आहे, "खाण तशी माती." आणि त्याच मराठीत दुसरी म्हण आहे, "ढवळ्याशेजारी बांधला पोवळा, वाण नाही पण गुण लागला." दोन्ही म्हणी आपण दुसरीतिसरीत शिकतो. पण कुठली कधी वापरायची हे शाळेत कुणी शिकवत नाही, ते घरात शिकवलं जातं. आपला मुलगा दारू प्यायला लागला की ढवळ्या-पोवळ्या: संगत वाईट मिळाली हो, मूळचा फार चांगला आहे. झोपडपट्टीतला मुलगा प्यायला लागला की खाण तशी माती. आपली नात बोर्डात चमकली तर "शेवटी रक्त कुणाचं!" आणि नापास झाली तर शाळा बेकार, मास्तरीण बेकार. (ती मास्तरीण मी असायचे, म्हणून नक्की सांगते.) विज्ञानाशी याचा काडीचा संबंध नाही. हा जमाखर्च आहे. यश आपल्या खात्यावर, अपयश दुसऱ्याच्या, आणि हिशेब जुळवायला "रक्त" नावाचा एक शब्द.

हा शब्द घरापुरता असता तर मी इतकी चिडले नसते. आपल्या देशात त्याचा एकदा कायदा झाला होता. १८७१ साली इंग्रज सरकारनं 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' केला. काही जमातींतली माणसं जन्मतःच गुन्हेगार, असं त्यात गृहीतच धरलेलं होतं. १९११ साली तो देशभर लागू करता येईल असा झाला. आमच्या भागातले पारधी, कैकाडी, भामटे या यादीत आले. पोलिसात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. इंग्रजांनी असं मानायचं कारण काय? तर इथे सुताराचा मुलगा सुतार होतो आणि लोहाराचा लोहार, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होणार! आपलीच जातीची समजूत त्यांनी उचलली आणि तिच्यावर शास्त्राचा शिक्का मारून आपल्यालाच परत केली.

याच कायद्यात १८९७ साली एक दुरुस्ती झाली. या जमातींतल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय तिनं केली. आता मला सांगा, गुन्हेगारी जर रक्तातच असेल तर मुलगा आईपासून तोडून काय उपयोग? रक्त तर त्याच्याबरोबरच जाणार! म्हणजे कायदा करणाऱ्यांचाही रक्तावर विश्वास नव्हता. मूल ज्या हातात वाढतं तसं घडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग रक्ताची भाषा कशाला? तर मोठ्यांना कुंपणात ठेवायला ती सोयीची होती म्हणून. जंगलाचे कायदे आले, शिकार बंद झाली, पारध्याचं पोट गेलं. रस्ते आणि रेल्वे आली, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्याचा धंदा बसला. हे सगळं सांगत बसण्यापेक्षा "त्यांच्या रक्तातच आहे" म्हणणं किती स्वस्त!

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला. विमुक्त समाज तो दिवस अजून पाळतो. कायदा गेला, वाक्य राहिलं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं असेल त्यांना मी वेगळं काय सांगू? त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पडून पाकीट चाचपलं. तुरुंगांच्या नियमपुस्तकांमध्ये विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारी वाक्यं तर ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत होती! त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं ती, आणि कैद्यांना जातीनुसार कामं वाटणारे नियम, रद्द केले. मंडळी, हा काही मोगलाईतला काळ नव्हे.

तर "कुणाचं रक्त" या काळजीच्या वाक्याचं खानदान हे असं आहे.

याला उत्तर देणारी एक बाई आपल्याकडेच होऊन गेली. इरावतीबाई कर्वे. 'युगान्त'मुळे त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांच्या पीएच.डी.ची गोष्ट कमी जणांना माहीत असते. १९२७ च्या सुमाराला त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचे मोठे प्रस्थ, पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी पाठबळ दिलं ते हेच गृहस्थ. त्यांची कल्पना अशी की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंना कवट्या मोजायला बसवलं. त्यांनी मोजल्या, आणि लिहून दिलं की दोन बाजूंतला फरक सगळ्याच माणसांत असतो, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतली मराठी मुलगी. आणि ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्याच सिद्धांताला "मोजमापात हे दिसत नाही" असं सांगणं! माझ्या पिढीच्या शिक्षिकांना मोजपट्टीचा एवढा नेक उपयोग कुणी शिकवला नाही.

"पण कर्णाचं काय?" हा प्रश्न मला फोनवर दोघांनी विचारला. कर्ण सूताच्या घरी वाढला तरी क्षत्रियाचं रक्त लपलं नाही, भुंगा मांडी पोखरत असताना हलला नाही, परशुरामानं ओळखलंच. बरं. मग उद्योगपर्व पण वाचा. कृष्ण त्याला सांगतो की तू कुंतीचा मुलगा, पांडवांत ये, राज्य तुझं. आणि कर्ण नाही म्हणतो. कारण काय देतो? राधेनं मला दूध पाजलं, माझं सगळं केलं. अधिरथानं माझे संस्कार केले, मला मुलगा म्हटलं. जन्मदात्रीचं नाव कळल्यावरही तो राधेयच राहिला. महाभारतकारांना जे कळत होतं ते आमच्या फोन करणाऱ्यांना का कळू नये? शकुंतला कण्वांची, सीता जनकाची, कृष्ण यशोदेचा. आपली अर्धी पुराणं सांभाळलेल्या मुलांची आहेत आणि आपण चौदा महिन्यांच्या पोरीचं गोत्र विचारतो.

पुराण नको असेल तर इतिहास घ्या, तो माझाच विषय. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी एका विधवा ब्राह्मण बाईचा मुलगा दत्तक घेतला. त्या काळच्या पुण्यात त्या मुलाला काय म्हणत असतील याची कल्पना करा. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करत होता, आणि त्याच कामात सावित्रीबाई गेल्या. किंवा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ घ्या. शेतकऱ्याचा मुलगा, बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळख नाही. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि सयाजीराव गायकवाड केला. १९०६ साली या माणसानं राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तुम्ही म्हणाल, तो गायकवाडांच्याच शाखेतला होता, रक्त तेच. मान्य. पण मग बारा वर्षं ते रक्त काय करत होतं? अक्षर का काढत नव्हतं?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळते, कारण तिथेही माझे बरेच मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, रक्तबिक्त काही नसतं, सगळे संस्कार; प्रेम दिलं की मूल हवं तसं घडतं. ऐकायला गोड आहे. पण या गोडीनं आयांचा किती छळ झाला आहे! विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की मूल स्वमग्न होतं ते आई थंड असते म्हणून. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे असं मांडलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता आणि आई थंड नव्हती हे ते रोज घरात पाहत होते. पण आयांवरचा तो आरोप पुढे कितीतरी वर्षं टिकला. आपल्याकडेही शिक्षकांच्या खोलीत मी ऐकलेलं आहे, "आई नोकरी करते ना, मग मूल नजरेला नजर कसं देणार?" डावखुऱ्या मुलांच्या हातावर पट्टी मारून उजव्यानं लिहायला लावणारे गुरुजीही पाहिले. अक्षर बिघडलं, मूल डावखुरंच राहिलं. तेव्हा संस्कारवाल्यांनीही जरा सबुरीनं घ्यावं. त्यांच्या हातात दोषी ठरवायला एक माणूस कायम तयार असतो, आणि तो नेहमी बाई असतो.

मग खरं काय? खरं असं की "रक्त का संस्कार" हा प्रश्नच चुकीचा पाडलेला आहे. वाढवणं शरीरात शिरतं. कॅनडात मायकेल मीनी यांनी उंदरांवर प्रयोग केले. काही उंदरिणी पिलांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिलं मोठेपणी कमी घाबरट होतात. पिलांची अदलाबदल केली तर ती जन्मदात्रीवर जात नाहीत, चाटणारीवर जातात. आणि २००४ साली त्यांनी दाखवलं की त्या चाटण्याची रासायनिक खूण पिलाच्या जनुकावर उमटलेली असते. जनुक तेच, पण ते किती बोलेल हे आईची जीभ ठरवते. उंदरांवरून माणसांपर्यंत उडी मारू नये हे खरं, म्हणून माणसांकडेच जाऊ.

रुमानियात चाउशेस्कूनं १९६६ साली गर्भपात आणि संततिनियमन यांवर बंदी आणली. न पोसवणारी मुलं सरकारी अनाथालयात जाऊ लागली. १९८९ साली तो पडला तेव्हा तिथे लाखाहून अधिक मुलं होती. खायला मिळत होतं, पण उचलून घ्यायला कुणी नाही. एका बाईच्या वाट्याला इतकी मुलं की बोलायलाही सवड नाही. २००० साली बुखारेस्टमध्ये काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, निम्म्यांना घरं मिळवून दिली. घरात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला बिलगणं, अगदी मेंदूतल्या विजेच्या लहरीसुद्धा सुधारल्या. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांच्या जास्त. पण सगळं भरून आलं नाही. लक्ष न लागणं, चंचलपणा पुष्कळांत राहिला. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या मुलात जे बघून आपले शहाणे लोक "रक्त बोलतंय" म्हणतात, ते पाळण्यात कुणी न उचलल्याचं बोलत असतं.

आणि जन्माचा वाटा? तोही आहे, लपवत नाही. फ्रान्समध्ये काप्रों आणि द्युम या दोघांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब आईबापांची मुलं श्रीमंत घरी दत्तक गेलेली, श्रीमंतांची गरीब घरी गेलेली, अशी शोधून काढली. जेमतेम अडतीस मुलं मिळाली, यावरून श्रीमंत आपलं मूल किती क्वचित देतात ते कळतं! वाढवणाऱ्या घरामुळे बुद्धिगुणांकात बारा एक गुणांचा फरक पडला होता, जन्मदात्यांमुळे पंधरा एक. पण त्या पंधरांतही नऊ महिन्यांचं आईचं पोट आहे, तिची उपासमार आहे, तिची काळजी आहे. ते सगळं रक्त नव्हे.

फोन करणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठांनी मला शेवटी विचारलं, "मग काय, काही विचारायचंच नाही का?" विचारायचं ना! चांगलं विचारायचं. संस्था मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल देते, तो नीट वाचायचा. जन्माच्या वेळी वजन किती होतं? दिवस भरले होते का? संस्थेत आली तेव्हा किती महिन्यांची होती? तिच्या खोलीत एका बाईकडे किती मुलं? वजन महिन्याला वाढलंय का? हाक मारल्यावर बघते का, पडल्यावर रडत कुणाकडे जाते? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचा भाचीला उपयोग आहे. डॉक्टर ठरवता येतो, खाणं ठरवता येतं, नोकरीतून किती महिने सुटी घ्यायची ते ठरवता येतं. जात कळून, गोत्र कळून ती काय करणार आहे?

भाचीनं तिची यादी मला वाचून दाखवली. मी त्यात दोनच गोष्टी घातल्या. पोरगी ज्या गोधडीवर झोपते ती न धुता बरोबर द्याल का, असं विचार. आणि तिला रात्री थोपटणाऱ्या मावशींचं नाव लिहून घे.